किल्ला पडल्यानंतरचे क्वेबेक

सेंट लॉरेन्स नदी समुद्राला मिळते तिथे तिचा दुसरा काठ दिसत नाही. अटलांटिककडून आत शिरणाऱ्या जहाजावरच्या माणसाला आपण खाडीत आहोत की नदीत, हे बराच काळ कळू नये, इतका तिचा पसारा. ऑर्लेआँ बेट मागे पडले की मात्र दोन्ही काठ एकदम जवळ येतात आणि पात्र जेमतेम एक किलोमीटरवर आवळते. उत्तरेच्या अंगाला पाण्यालगत उभा कडा. आल्गाँक्विन लोकांच्या भाषेत नदी अरुंद होते त्या जागेला 'केबेक' म्हणत. फ्रेंचांनी तोच शब्द उचलला, इंग्रजांनी त्याचा 'क्वेबेक' केला आणि मराठीतही तो इंग्रजीच्याच वाटेने आला. कड्यावर ज्याच्या तोफा, त्याच्या परवानगीशिवाय नदीतून पुढे जाणे अवघड. सगळा आतला मुलूख या एका दारातून उघडत असे, म्हणूनच पुढे दोन साम्राज्ये या कड्यासाठी झुंजली.

इथे आलेला पहिला फ्रेंच दर्यावर्दी झाक कार्तिए. १५३५ मध्ये तो आला तेव्हा कड्याजवळ स्टाडाकोना नावाचे इरोक्वोइयन लोकांचे गाव होते. 'कॅनडा' हे देशाचे नावही त्यांच्याच भाषेतल्या गाव या अर्थाच्या 'कनाटा' शब्दावरून आले. कार्तिएच्या ११० माणसांनी तिथेच हिवाळा काढला आणि त्यातली २५ माणसे स्कर्व्हीने दगावली. उरलेली वाचली ती गावकऱ्यांनी शिकवलेल्या एका सदाहरित झाडाच्या काढ्यामुळे. पुढच्या सफरीत कार्तिएने इथून हिरे म्हणून जे गोळा करून नेले, ती फ्रान्समध्ये साधी गारगोटी ठरली. कड्याला लागलेले 'हिऱ्याचे भूशिर' हे नाव मात्र तसेच टिकले.

खरी वसाहत झाली ती १६०८ मध्ये. ३ जुलैला साम्युएल द शाँप्लँ कड्याच्या पायथ्याशी उतरला आणि त्याने लाकडी इमारतींचा एक लहानसा गढीवजा वाडा उभारला. हेतू व्यापाराचा. बीव्हर या प्राण्याच्या कातड्यापासून युरोपात टोप्या बनत आणि त्या कातड्यांना सोन्याचा भाव होता. वाडा पुरा होण्याआधीच शाँप्लँला ठार मारण्याचा कट उघडकीस आला. कटाचा म्होरक्या, एक कुलूपकार, फासावर गेला आणि त्याचे शिर भाल्यावर टांगून सर्वांना दिसेल असे ठेवण्यात आले. त्यानंतर हिवाळा आला. २८ माणसांपैकी वसंतात ८ उरली. आजच्या खालच्या गावातला प्लास रॉयाल हा दगडी चौक त्याच जागी आहे. चौकातल्या नोत्र-दाम-दे-व्हिक्त्वार या छोट्या चर्चला भेट देणारे पर्यटक शाँप्लँच्या वखारीवर उभे असतात, असे म्हटले तरी चालेल.

पुढच्या दीडशे वर्षांत गाव दोन मजल्यांत वाढले. खाली धक्के, गोदामे, व्यापाऱ्यांची चिंचोळी घरे. वर कड्यावर गव्हर्नर, बिशप, जोगिणी आणि सैनिक. दोहोंना जोडणारे चढ आणि जिने आजही पायांची परीक्षा पाहतात. त्यातल्या एकाला 'मानमोड्या जिना' या अर्थाचेच फ्रेंच नाव आहे. १६३५ मध्ये जेझुइट पाद्र्यांनी शाळा काढली. १६३९ मध्ये एकाच जहाजातून जोगिणींचे दोन संघ आले. एकाने रुग्णालय सुरू केले, दुसऱ्याने, म्हणजे अर्सुलिन संघाने, मुलींची शाळा. माता मारी द लँकार्नास्याँ ही तिची प्रमुख. पतीच्या निधनानंतर आपला लहान मुलगा मागे ठेवून ती मठात गेली होती. क्वेबेकमध्ये आल्यावर तिने स्थानिक भाषा शिकून त्यांचे कोश रचले.

१६६३ मध्ये चौदाव्या लुईने वसाहत ती चालवणाऱ्या व्यापारी कंपनीकडून काढून थेट आपल्या ताब्यात घेतली, तेव्हा साऱ्या 'नव्या फ्रान्स'मध्ये फ्रेंच माणसे होती सुमारे तीन हजार, आणि त्यात बायका फार थोड्या. राजाने मग दहा वर्षांत सुमारे आठशे तरुण मुली हुंडा देऊन पाठवल्या. त्यातल्या पुष्कळ अनाथ, आणि मोठा भाग पॅरिसच्या आसपासचा. भाषेच्या दृष्टीने हे महत्त्वाचे ठरले. नॉर्मंडी, प्वातू अशा निरनिराळ्या प्रांतांतून आलेले पुरुष आपापल्या बोली घेऊन आले होते. घरात मुलांच्या कानावर पडली ती बहुधा आईची पॅरिसकडची फ्रेंच. त्यामुळे फ्रान्समध्ये खेडोपाडी अजून प्रांतोप्रांतीच्या बोली चालू होत्या, त्या काळात क्वेबेकमधले शेतकरी एकच फ्रेंच बोलू लागले होते.

भाषेबरोबर आणखी दोन गोष्टी रुजल्या. गावोगावचा पाद्री जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद वहीत करी. जमिनीचा व्यवहार, लग्नाचा करार, मृत्युपत्र हे सारे नोटरीपुढे, 'पॅरिसचा रिवाज' नावाच्या फ्रेंच कायद्याप्रमाणे होई. आपल्याकडच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या आणि कुलकर्ण्याचे दप्तर एकत्र केले, तर या व्यवस्थेची थोडीफार कल्पना येईल. शहराची तटबंदी प्रेक्षणीय आहे, पण फ्रेंच क्वेबेक टिकवण्यात तटापेक्षा या दप्तराने जास्त काम केले.

कारण तटाची कामगिरी बेताचीच. १६२९ मध्ये इंग्लंडच्या बाजूने लढणाऱ्या कर्क बंधूंनी गाव उपासमारीने शरण आणले. १६३२ च्या तहात ते परत मिळाले. १६९० मध्ये बोस्टनहून आलेल्या विल्यम फिप्सने शरण येण्याचा निरोप पाठवला, तेव्हा गव्हर्नर फ्राँतनाकने आपले उत्तर तोफांच्या तोंडून मिळेल असे सुनावले, आणि फिप्स खरोखरच हात हलवत परतला. १७११ मध्ये आलेले ब्रिटिश आरमार नदीच्या मुखापाशी धुक्यात खडकांवर आदळले. प्लास रॉयालमधल्या चर्चच्या नावातला विजय मूळचा एकच. या दुसऱ्या सुटकेनंतर त्याचे अनेकवचन झाले.

१७५९ मध्ये मात्र धुके मदतीला आले नाही. सप्तवार्षिक युद्ध तेव्हा युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान अशा तिन्ही आघाड्यांवर पेटले होते. प्लासीची लढाई होऊन दोन वर्षे झाली होती. जूनच्या शेवटी ॲडमिरल सॉन्डर्सचे प्रचंड आरमार नदीतून वर आले. ऑर्लेआँ बेटाजवळची नागमोडी वाट फ्रेंच नावाड्यांशिवाय कुणाला साधणार नाही, असा क्वेबेककरांचा समज होता. ब्रिटिशांनी ती पाण्याची खोली मोजत मोजत पार केली. मोजणाऱ्यांत जेम्स कुक नावाचा एक तरुण नौकाधिकारी होता. पॅसिफिकच्या सफरींमुळे तो पुढे जगभर गाजला. आरमारावर साडेआठ हजारांच्या आसपास सैनिक आणि त्यांचा सेनापती ३२ वर्षांचा जेम्स वुल्फ. शहरात मार्की द माँकाल्म हा अनुभवी फ्रेंच सेनापती आणि याच भूमीत जन्मलेला गव्हर्नर व्होद्रय. दोघांचे एकमेकांशी पटत नसे.

जुलैच्या मध्यापासून समोरच्या काठावरून तोफा सुरू झाल्या आणि दोन महिने चालल्या. ऑगस्टमधल्या एका रात्रीत खालचे गाव जवळजवळ सगळे जळाले. आरमारातल्या रिचर्ड शॉर्ट नावाच्या एका कारकुनी अधिकाऱ्याने नंतर या पडझडीची चित्रे काढली. छपरे उडालेली चर्च, रिकाम्या खिडक्यांच्या भिंती, आणि त्यांच्यामधून आपापल्या कामाला निघालेली माणसे. ३१ जुलैला माँमोरांसी धबधब्यापाशी केलेला हल्ला वुल्फच्या अंगाशी आला. त्याची चारशेहून अधिक माणसे पडली. मग त्याने नदीकाठची खेडी जाळण्याचा हुकूम सोडला. हजारावर घरे राख झाली. माँकाल्म तरीही बाहेर येईना. हिवाळा सुरू झाला की नदी गोठणार आणि आरमाराला परत जावे लागणार, हे त्याला ठाऊक होते.

१२ सप्टेंबरच्या रात्री वुल्फने डाव टाकला. शहराच्या वरच्या बाजूला तीन किलोमीटरवर आँस-ओ-फुलाँ नावाची एक लहानशी खाच आहे. तिथून पन्नासेक मीटरचा कडा चढून जाणारी पायवाट होती आणि वर एका लहान तुकडीचा पहारा. त्या रात्री फ्रेंचांच्या रसदेच्या होड्या याच वाटेने येणार होत्या. ऐनवेळी बेत रद्द झाला, पण पहारेकऱ्यांना कुणी कळवले नाही. ओहोटीच्या ओढीवर वुल्फच्या होड्या वल्ह्यांचा आवाज न करता खाली येत होत्या. काठावरून अंधारातून हटकणी आली. होडीतल्या एका स्कॉटिश अधिकाऱ्याला फ्रेंच चांगले येत होते. त्याने अस्खलित उत्तर दिले आणि पहारेकऱ्याने होड्या जाऊ दिल्या. फ्रेंच भाषेनेच त्या रात्री शत्रूला दार उघडून दिले.

पहाटे कड्यावरच्या पठारावर लाल कोटांच्या रांगा दिसल्या. साडेचार हजारांच्या घरात माणसे. हे पठार एके काळी आब्राहाम मार्तँ नावाच्या एका नावाड्याच्या जमिनीमुळे 'आब्राहामचे पठार' म्हणून ओळखले जाऊ लागले होते. माँकाल्मला थांबता आले असते. त्याचा अधिकारी बूगँव्हिल पलीकडे कॅप-रूझला निवडक सैन्य घेऊन होता आणि काही तासांत शत्रूच्या पाठीवर येऊ शकत होता. हाच तो बूगँव्हिल, ज्याच्या पुढच्या जगप्रदक्षिणेमुळे बोगनवेलीला तिचे नाव मिळाले. पण तट कच्चा, पठारावरची टेकाडे तटाहून उंच, आणि शत्रूला तोफा वर आणायला वेळ दिला तर संपलेच, असे माँकाल्मला वाटले असावे. दहाच्या सुमारास त्याने हल्ला केला. त्याच्या रांगांत कवायती फौज आणि शेतकरी शिबंदी यांची सरमिसळ होती. गोळी झाडल्यावर शेतकरी सवयीप्रमाणे जमिनीवर पडून बंदूक भरत, त्यामुळे रांग मोडली. ब्रिटिश पलटणी फ्रेंच चाळीस-पन्नास पावलांवर येईपर्यंत थांबल्या आणि मग त्यांनी एकदम बार काढले. निकाल पाव तासात लागला. मेलेले आणि जखमी मिळून दोन्हीकडे प्रत्येकी सहाशेच्या पुढे माणसे पडली. वुल्फ रणातच मेला. माँकाल्मला जखमी अवस्थेत घोड्यावरून शहरात आणले गेले आणि तो दुसऱ्या पहाटे गेला. शहरात शवपेटीसुद्धा धड मिळेना. अर्सुलिन जोगिणींच्या प्रार्थनामंदिरात तोफगोळ्याने पडलेला खड्डा मोठा करून त्यालाच त्याची कबर करण्यात आले.

१८ सप्टेंबरला किल्लेदार रामेझे याने शहर सोडले. शरणागतीच्या कलमांत त्याने जे मागून घेतले ते पुढच्या काळासाठी लढाईपेक्षा महत्त्वाचे: रहिवाशांची घरेदारे त्यांच्याकडे राहतील, आणि कॅथलिक उपासना चालू राहील. जेत्यांनी ते चटकन मान्य केले, कारण हिवाळा त्यांच्याही डोक्यावर होता आणि बिशपच्या लोकांशी भांडत बसण्याइतकी फुरसत नव्हती.

तो हिवाळा ब्रिटिशांना जड गेला. छपरे नाहीत, सरपण नाही, स्कर्व्ही पाचवीला पुजलेली. स्कॉटिश हायलँडर्सच्या ७८ व्या पलटणीचा गणवेश गुडघ्यापर्यंतचा घागरा. त्यांचे उघडे पाय पाहून अर्सुलिन जोगिणींनी त्यांच्यासाठी लोकरीचे लांब मोजे विणून दिले. जोगिणींच्या मठातच ब्रिटिश जखमींचे रुग्णालय होते. पुढे पलटण मोडली तेव्हा त्यातले बरेच जण इथेच राहिले आणि त्यांनी फ्रेंच मुलींशी लग्ने केली. दोन-तीन पिढ्यांत फ्रेझर, ब्लॅकबर्न अशा आडनावांची, पण एक अक्षर इंग्रजी न येणारी घराणी तयार झाली. विजेत्यांना गिळून टाकण्याचा हा प्रकार तहात कुठेच लिहिलेला नव्हता.

१७६० च्या एप्रिलमध्ये फ्रेंच सेनापती शव्हालिए द लेव्ही माँट्रियलहून फौज घेऊन आला. ब्रिटिश सेनापती मरीने नेमकी माँकाल्मची चूक केली. तो तट सोडून बाहेर आला आणि २८ तारखेला सेंत-फ्वाच्या लढाईत हरला. आता दोन्ही सैन्ये नदीकडे डोळे लावून बसली. बर्फ वितळल्यावर पहिले जहाज ज्याचे येईल त्याचे क्वेबेक. ९ मे रोजी एक जहाज दिसले. त्याचा झेंडा ओळखता येईपर्यंत दोन्हीकडे जिवाची घालमेल झाली असणार. झेंडा ब्रिटिश निघाला. लेव्हीने काही दिवसांनी वेढा उठवला आणि सप्टेंबरमध्ये माँट्रियलही पडले. फ्रान्सचे आरमार आदल्या नोव्हेंबरातच किबेरॉनच्या उपसागरात बुडाले होते. क्वेबेकचा खरा निकाल तिथे लागला होता.

१० फेब्रुवारी १७६३ च्या पॅरिस तहात फ्रान्सने कॅनडा सोडला. वाटाघाटीत त्याने साखरेची बेटे, ग्वादलूप आणि मार्तिनिक, परत घेतली. १७६१ मध्ये आयर कूटने जिंकलेले पुदुच्चेरीही त्याच तहाने फ्रान्सला परत मिळाले. परिणाम असा, की पुदुच्चेरीवर फ्रेंचांचा झेंडा पुढे आणखी जवळपास दोन शतके राहिला आणि तिथे फ्रेंच बोलणारे मूठभरच निघाले. क्वेबेकवरचा झेंडा उतरला आणि सारे शहर फ्रेंच बोलत राहिले.

असे का झाले, याचे उत्तर बरेचसे आकड्यांत आहे. तहाच्या वेळी वसाहतीत फ्रेंच सत्तर हजारांच्या आसपास होते. नव्याने आलेले इंग्रजी व्यापारी काहीशे. लंडनचा मूळ बेत इंग्रजी कायदा लावण्याचा, प्रॉटेस्टंटांची विधानसभा भरवण्याचा आणि हळूहळू सगळ्यांना इंग्रज करण्याचा होता. कॅथलिकांना शपथेच्या अटीमुळे सरकारी पद मिळत नसे. पण गव्हर्नर झालेल्या मरीला हे व्यापारी डोईजड वाटत आणि फ्रेंच जहागीरदार व शेतकरी सरळ. काहीशे माणसांच्या विधानसभेने सत्तर हजारांवर राज्य करावे, हे त्याला पटेना. त्याने सभा बोलावलीच नाही. १७६४ मध्ये शहरातले पहिले वृत्तपत्र निघाले, 'क्वेबेक गॅझेट'. एका पानावर दोन स्तंभ, एकात इंग्रजी आणि दुसऱ्यात तोच मजकूर फ्रेंचमध्ये. वसाहत चालवायची तर छपाई दोन्ही भाषांत हवी, हे छापखानेवाल्यांना सरकारच्या आधी कळले होते. १७६६ मध्ये ब्रियाँ हा क्वेबेकचा बिशप झाला. इंग्लंडचा राजा चर्चचा प्रमुख असताना त्याच्या राज्यात कॅथलिक बिशप असणे हे कायद्याच्या चौकटीत बसवणे कठीणच होते, तेव्हा सरकारने डोळेझाक केली. दरम्यान लोकांनी इंग्रजी न्यायालयांकडे पाठ फिरवली आणि आपले करारमदार जुन्या नोटरींकडे जुन्याच रिवाजाने चालू ठेवले.

मरीनंतर आलेला गाय कार्लटन हा वुल्फच्या सैन्यातलाच अधिकारी. दक्षिणेकडच्या तेरा वसाहतींत असंतोष वाढत होता आणि त्या बिथरल्या तर क्वेबेकचा कडा आपल्या हाती भक्कम हवा, हा त्याचा हिशेब होता. १७७४ चा क्वेबेक कायदा या हिशेबातून आला. कॅथलिकांना पदे खुली झाली, पाद्र्यांना दशांश वसूल करण्याचा हक्क मिळाला, मालमत्ता आणि नागरी व्यवहारांना फ्रेंच कायदा परत लागू झाला. फौजदारी तेवढी इंग्रजी राहिली. या कायद्यात फ्रेंच भाषेच्या हक्काविषयी एक ओळसुद्धा नाही. पण चर्च आणि नोटरी टिकले म्हटल्यावर त्यांची भाषा आपोआप टिकली. तेरा वसाहतींतल्या प्रॉटेस्टंटांना हा कायदा इतका झोंबला, की त्यांनी राजाविरुद्धच्या तक्रारींत त्याची गणना केली. १७७५ च्या ३१ डिसेंबरला अमेरिकन बंडखोरांनी हिमवादळात शहरावर हल्ला केला. त्यांचा सेनापती माँटगोमेरी खालच्या गावात पहिल्याच सरबत्तीत मेला, बेनेडिक्ट आर्नल्डच्या पायाला गोळी लागली. फ्रेंच शेतकऱ्यांनी कुणाच्याच बाजूने फारसा उत्साह दाखवला नाही, आणि कार्लटनला तेवढे पुरले.

भाषेचा प्रश्न उघडपणे पहिल्यांदा आला तो १७९२ मध्ये. आदल्या वर्षीच्या कायद्याने प्रांताला विधानसभा मिळाली होती. १७ डिसेंबरला ती बिशपच्या वाड्यातल्या प्रार्थनामंदिरात भरली. ५० सदस्यांपैकी इंग्रजी बोलणारे साधारण तृतीयांश. सभापती कोणत्या भाषेचा असावा, यावरूनच खडाजंगी उडाली. निवड झाली झाँ-आँत्वान पाने या फ्रेंच वकिलाची. त्याचे इंग्रजी कच्चे आहे, हा आक्षेप बहुमताने मोडीत काढला. जानेवारी १७९३ मध्ये कामकाजाची नोंद दोन्ही भाषांत ठेवण्याचा निर्णय झाला. कायद्याचा अधिकृत मजकूर इंग्रजीच, असा आग्रह लंडनने धरला, पण सभागृहात फ्रेंच बोलणे आता कुणाच्या मेहेरबानीवर नव्हते. शार्ल ह्युओने रंगवलेले त्या चर्चेचे भव्य चित्र आज क्वेबेकच्या विधानसभेत सभापतींच्या आसनावर आहे. १७५९ च्या लढाईचे नव्हे, १७९३ च्या वादविवादाचे.

एकोणिसाव्या शतकात शहराचा चेहरा मात्र इंग्रजी होत गेला. नेपोलियनच्या काळात बाल्टिकचे लाकूड ब्रिटनला मिळेना, तेव्हा कॅनडाच्या पाइनचे ओंडके नदीतून तरंगत इथे येऊ लागले आणि इथून जहाजांत चढू लागले. आयरिश स्थलांतरितांचे लोंढे आले. १८४७ च्या दुष्काळात नदीतल्या ग्रोस-ईल या विलगीकरण बेटावर पाच हजारांहून अधिक आयरिशांना पुरावे लागले. १८६० च्या सुमारास शहरातले चाळीस टक्के लोक इंग्रजी बोलत होते. १८२० पासून तीस वर्षे खपून ब्रिटिशांनी कड्यावर ताऱ्याच्या आकाराचा बालेकिल्ला बांधला. त्यावर कधी हल्ला झाला नाही. आज तिथे कॅनडाच्या सैन्याची फ्रेंच भाषक २२ वी पलटण राहते.

या काळातले काही गव्हर्नर मराठी वाचकाला नावाने ओळखीचे वाटतील. १८२७ मध्ये लॉर्ड डलहौसीने वुल्फ आणि माँकाल्म यांच्या एकत्रित स्मारकस्तंभाची पायाभरणी केली. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा करणारा डलहौसी तो त्याचा मुलगा. जेता आणि पराभूत यांना एकाच दगडावर मान देणारा हा स्तंभ शातो फ्राँतनाक या हॉटेलाशेजारच्या बागेत आहे. त्यावरचा लेख इंग्रजीतही नाही आणि फ्रेंचमध्येही नाही. तो लॅटिनमध्ये आहे.

ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १८३७-३८ च्या बंडाळीनंतर लॉर्ड डरहॅमने चौकशी करून अहवाल लिहिला. फ्रेंच कॅनेडियनांना ना इतिहास ना साहित्य, त्यांचे भले इंग्रज होण्यातच आहे, असा त्याचा सूर. पाठोपाठ १८४० च्या कायद्याने विधानसभेच्या दप्तरातून फ्रेंचला बाहेर काढले. याला उत्तर दिले फ्राँस्वा-झाव्हिए गार्नो याने. शिक्षण थोडके, पेशा नोटरीचा. त्याने कॅनडाचा इतिहास लिहायला घेतला आणि पहिला खंड १८४५ मध्ये क्वेबेकमध्येच छापला. दप्तर सांभाळणाऱ्या वर्गातला माणूस आपल्या समाजाचा पहिला मोठा इतिहासकार झाला, यात नवल नाही. १८४८ मध्ये भाषाबंदी उठली आणि पुढच्या जानेवारीत गव्हर्नर लॉर्ड एल्गिनने सत्रारंभाचे भाषण इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही वाचले. हाच एल्गिन पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि धर्मशाळेत वारला. १८५२ मध्ये लावाल विद्यापीठ निघाले, उत्तर अमेरिकेतले पहिले फ्रेंच विद्यापीठ. १८५५ मध्ये 'ला काप्रिसिऊझ' हे पराभवानंतरचे पहिले फ्रेंच लढाऊ जहाज इथे आले. त्याला पाहायला काठावर गर्दी लोटली. तोवर पाद्र्यांच्या वह्यांतले जन्म फ्रेंच लोकसंख्येला शतकाच्या आत नऊपटींच्या पुढे घेऊन गेले होते.

१८७१ मध्ये ब्रिटिश शिबंदी गेली. लाकडी जहाजांचा धंदा बसला, इंग्रजी व्यापारी माँट्रियलकडे सरकले. वाहतुकीला अडचण म्हणून नगरपालिकेने वेशी पाडायला घेतल्या. भिंतीही पाडायच्या होत्या. त्या वाचल्या गव्हर्नर-जनरल लॉर्ड डफरिनमुळे. त्याने बेलफास्टचा वास्तुकार विल्यम लिन याच्याकडून नव्या, रुंद आणि किल्ल्याला शोभतील अशा वेशींचे आराखडे करून घेतले आणि नगरपालिकेला पटवले. म्हणजे आज पर्यटक ज्या 'जुन्या फ्रेंच' वेशींचे फोटो काढतात, त्या एका आयरिशाने कल्पिलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या आहेत, आणि सेंट-जाँची वेस तर १९३९ ची आहे. डफरिनच्या नावाचा लाकडी फळ्यांचा लांबलचक सज्जा कड्याच्या कडेने जातो. कॅनडानंतर काही वर्षांनी तो हिंदुस्थानात आला. मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा व्हाइसरॉय तोच होता. सज्ज्यामागचा शातो फ्राँतनाक, जो प्रत्येक पोस्टकार्डावर शहराची ओळख म्हणून असतो, हे १८९३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने उभारलेले हॉटेल. वास्तुकार अमेरिकन. चर्चिल आणि रूझवेल्ट यांच्या १९४३ आणि १९४४ च्या युद्धपरिषदांसाठी ते सरकारने ताब्यात घेतले होते.

विधानसभेची इमारत मात्र इथल्याच माणसाची, यूजेन-एतिएन ताशे याची. तिच्या दर्शनी भिंतीत त्याने इतिहासपुरुषांचे पुतळे बसवण्याची योजना केली. त्यात वुल्फही आहे आणि माँकाल्मही. दारावर तीन शब्द कोरले: 'ज म सुव्यँ', मला आठवण आहे. कशाची, ते त्याने लिहिले नाही. १९७८ पासून हेच शब्द प्रांतातल्या गाड्यांच्या नंबरपट्टीवर आले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आठवणीला धार आली. १९६३ मध्ये कुणीतरी पठारावरचा वुल्फचा स्तंभ पाडला. दोन वर्षांनी तो पुन्हा उभा राहिला, पण लेखातून 'विजयी' हा शब्द गाळून. १९६७ च्या जुलैत फ्रान्सचे अध्यक्ष द गोल युद्धनौकेतून आले आणि उतरले ते आँस-ओ-फुलाँलाच, वुल्फ जिथून चढला तिथे. दुसऱ्या दिवशी माँट्रियलमध्ये त्यांनी स्वतंत्र क्वेबेकचा जयजयकार केला आणि कॅनडा सरकारने त्यांच्यावर इतका रोष दाखवला की ते दौरा अर्धवट टाकून परतले. १९७७ च्या १०१ क्रमांकाच्या कायद्याने कचेऱ्या, दुकानांच्या पाट्या आणि स्थलांतरितांच्या मुलांचे शालेय शिक्षण फ्रेंचमध्ये आणले. रस्त्यावरच्या लाल अष्टकोनी पाटीवर फ्रान्समध्ये इंग्रजी 'स्टॉप' असते. क्वेबेकमध्ये तिथे 'आरे', म्हणजे थांबा, हा फ्रेंच शब्द दिसतो. बोलण्यातही फ्रान्सने सोडून दिलेले उच्चार टिकले आहेत, आणि शनिवार-रविवारसाठी पॅरिसकरांनी उचललेला इंग्रजी शब्द इथे सहसा कुणी वापरत नाही.

डिसेंबर १९८५ मध्ये जुने शहर युनेस्कोच्या जागतिक वारशात आले. मेक्सिकोच्या उत्तरेला तटबंदी शाबूत असलेले एवढे एकच. तटाची लांबी ४.६ किलोमीटर आहे आणि त्यावरून फिरता येते. २००९ मध्ये लढाईला २५० वर्षे झाली, तेव्हा ती पठारावर पुन्हा लढून दाखवण्याचा बेत होता. विरोध एवढा झाला की तो रद्द करावा लागला. त्याऐवजी सप्टेंबरमध्ये त्याच पठारावर लोकांनी चोवीस तास क्वेबेकच्या इतिहासातली लिखाणे मोठ्याने वाचली, आळीपाळीने, रात्रभर.

आज शहराची लोकवस्ती साडेपाच लाखांच्या घरात आहे आणि मातृभाषा म्हणून इंग्रजी सांगणारे शंभरात दोनही भरत नाहीत. त्यांचा मुख्य अड्डा म्हणजे १८२४ मध्ये स्थापन झालेल्या साहित्य आणि इतिहास मंडळाचे ग्रंथालय. ते तटाच्या आत, एका जुन्या तुरुंगाच्या इमारतीत आहे. पुस्तकांच्या कपाटांमध्ये तिथे लाकडाचा एक पुतळा उभा आहे, जनरल वुल्फचा. १७७९ मध्ये एका इंग्रज खाटकाने आपल्या घराच्या कोपऱ्यावर लावण्यासाठी तो शोलेत आडनावाच्या दोघा फ्रेंच भावांकडून कोरून घेतला होता. पुढे एकदा ब्रिटिश खलाशांनी तो चोरून जहाजावर नेला आणि बऱ्याच काळाने परत केला. हवा-पाण्याने झिजू नये म्हणून तो आता घरात ठेवला आहे.